टस्कीगीची अठ्ठावीस बाजूंची शीव

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. १९८१ साली वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे चरित्र प्रसिद्ध झाले, आणि भुईमूग व रताळे यांसारख्या साध्या पिकांत अलाबामातील दरिद्री शेतकऱ्याचा उद्धार शोधणारा तो कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ महाराष्ट्रातील घराघरांत जिव्हाळ्याचा झाला. परंतु त्या चरित्रातून ज्या टस्कीगीची ओळख होते ते विद्यालयाचे टस्कीगी होय. विद्यालयाला लागून त्याच नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाला नगरपालिका आहे, महापौर आहे, कौंटीची कचेरी आहे; आणि कचेरीजवळच्या चौकात, गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडील सैनिकांचे स्मारक विसाव्या शतकाच्या आरंभी उभारण्यात आले. या गावात मत कोणी द्यावे आणि कोणी देऊ नये, या एकाच प्रश्नावरून सुमारे नव्वद वर्षे झगडा चालला. विद्यालयाची कीर्ती सर्वत्र पोचली. गावाची हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी अलाबामा हे दक्षिणेकडील एक संस्थान. त्याच्या मध्यातून काळ्या, सुपीक जमिनीचा एक पट्टा गेला आहे. ही कापसाची भूमी, आणि त्या काळी कापूस म्हटला की गुलामगिरी आलीच. त्यामुळे या पट्ट्यात गुलामांची व पुढे त्यांच्या वंशजांची वस्ती गोऱ्यांच्या कितीतरी पट राहिली. मेकन कौंटी याच पट्ट्यात मोडते, आणि टस्कीगी हे तिचे मुख्य ठिकाण. कौंटी म्हणजे ढोबळ मानाने आपल्या तालुक्यासारखा विभाग समजावा; मात्र तिचा शेरीफ, तिचा न्यायाधीश, तिचे शाळामंडळ ही सारी लोकांच्या मतांनी निवडून यावयाची. तेव्हा मताचा हक्क असणे वा नसणे ही तेथे दूरच्या राजधानीतील राजकारणाची गोष्ट राहात नाही. दारासमोरचा रस्ता पक्का व्हावा की नाही, शाळेला धड छप्पर मिळावे की नाही, आणि रात्री-अपरात्री शेरीफने कोणाचे दार ठोठवावे, हे सारे त्या एका हक्कावर ठरते.

विद्यालयाचा जन्मच मुळी मतांच्या एका सौद्यातून झाला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ साली गुलामगिरी नष्ट झाली, आणि १८७० साली राज्यघटनेत पंधरावी दुरुस्ती होऊन वर्णाच्या कारणावरून कोणाचाही मताधिकार हिरावला जाऊ नये असे ठरले. १८८० साली डब्ल्यू. एफ. फॉस्टर नावाचे एक गोरे गृहस्थ अलाबामाच्या वरिष्ठ सभेसाठी उभे होते. हे दक्षिणेच्या सैन्यातील जुने अधिकारी. मेकन कौंटीत कृष्णवर्णीयांची मते निर्णायक आहेत हे ओळखून त्यांनी लुईस ॲडम्स यांची गाठ घेतली. ॲडम्स हे पूर्वाश्रमीचे गुलाम, धंद्याने पत्र्याचे काम करणारे, आणि आपल्या लोकांत मोठ्या वजनाचे. मतांच्या बदल्यात काय हवे, असे विचारल्यावर ॲडम्स यांनी पैसा मागितला नाही, पद मागितले नाही. एक शाळा मागितली. फॉस्टर निवडून आले आणि त्यांनी आपला शब्द पाळला. कायदेमंडळाने शिक्षकांच्या वेतनासाठी सालिना दोन हजार डॉलर मंजूर केले, आणि ४ जुलै १८८१ रोजी बुकर टी. वॉशिंग्टन या पंचविशीतल्या तरुणाने ते विद्यालय सुरू केले. इमारतीसाठी वा जमिनीसाठी एक छदामही मिळालेला नव्हता. पण ती कथा निराळी.

ज्या मतांनी शाळा मिळाली ती मते मात्र एका पिढीच्या आतच गेली. १९०१ साली अलाबामाने नवी राज्यघटना केली. पंधराव्या दुरुस्तीमुळे वर्णाचे नाव उघडपणे घेता येत नव्हते, म्हणून आडवाटा शोधण्यात आल्या. मतदाराला घटनेतील उतारा लिहिता-वाचता यावा, नाही तर त्याच्यापाशी चाळीस एकर जमीन किंवा तीनशे डॉलरची मालमत्ता असावी. शिवाय वर्षाला दीड डॉलरचा मतकर त्याने भरावा, आणि तो थकला तर थकबाकी साचत जावी. गोऱ्या गरिबांची अडचण होऊ नये म्हणून युद्धात लढलेल्यांच्या वंशजांना प्रारंभी सूट ठेवण्यात आली. या साऱ्यावर कळस म्हणजे प्रत्येक कौंटीत तिघा नोंदणी-अधिकाऱ्यांचे एक मंडळ नेमावयाचे, आणि कोण पात्र, कोण अपात्र, हे त्याने ठरवावयाचे. परिणाम तात्काळ दिसला. १९०० साली अलाबामात मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय पुरुष सुमारे १,८१,००० होते. नव्या घटनेनंतर त्यांतील तीन हजारांहूनही कमी लोकांची नावे यादीत उरली.

वॉशिंग्टन यांचे या बाबतीतील धोरण प्रसिद्ध आहे. १८९५ साली अटलांटा येथील भाषणात त्यांनी आपल्या लोकांना सांगितले, की आधी हाताला कसब आणावे, जमीन व घर करावे, चारित्र्याने मान मिळवावा. हक्क त्यांच्या मागोमाग येतील. दक्षिणेतील गोऱ्यांना हा उपदेश फार आवडला. पण वॉशिंग्टन दिसत तितके भोळे नव्हते. माँटगोमेरीचे जॅक्सन जाइल्स यांनी १९०१ च्या घटनेविरुद्ध जो दावा लावला त्याचा खर्च वॉशिंग्टन गुप्तपणे पुरवीत होते. १९०३ साली सर्वोच्च न्यायालयात तो दावा हरला. न्यायमूर्ती होम्स यांचा युक्तिवाद असा, की सबंध मतदारयादीच लबाडीची आहे असे वादीचे म्हणणे असेल तर त्या लबाडीच्या यादीत त्याचे नाव घालून न्यायालयाने काय साधावे? दाद मागावयाची तर ती राजकीय सत्तेकडे मागावी. ज्याच्याकडे मतच नाही त्याने राजकीय सत्तेकडे दाद कशी मागावी, याचा उलगडा मात्र त्या निकालपत्रात नाही.

पुढील चाळीस वर्षांत टस्कीगीत एक असा प्रकार घडला की जो दक्षिणेत इतरत्र फारसा घडला नाही. वॉशिंग्टन यांनी घातलेल्या साऱ्या अटी तेथे खरोखरीच पुऱ्या झाल्या. विद्यालय वाढले, प्राध्यापक, अभियंते, शेतकीतज्ज्ञ तेथे येऊन राहिले. १९२३ साली सरकारने महायुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांसाठी तेथे मोठे रुग्णालय उघडले. त्यातील डॉक्टर व परिचारिका गोऱ्या असाव्यात असा स्थानिक गोऱ्यांचा हट्ट होता, आणि त्यासाठी कू क्लक्स क्लॅन या संघटनेने गावातून मिरवणूकही काढली. पण विद्यालयाचे प्रमुख रॉबर्ट मोटन डगमगले नाहीत आणि अखेर रुग्णालय कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या हाती आले. या लोकांचा पगार राष्ट्रीय सरकारच्या तिजोरीतून येई. गावातल्या जमीनदाराने डोळे वटारले तर कुळाची भाकरी जाई, पण या डॉक्टरची जात नसे. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांत असे निर्भय अन्न खाणारा वर्ग क्वचितच होता. अमेरिकेच्या दक्षिण भागाच्या इतिहासात टस्कीगीचा जो विशेष आहे त्याचे मूळ या पगारात शोधावे लागते.

शिक्षण होते, मालमत्ता होती, सदाचार होता, करही भरला जात होता. तरी मत मिळेना.

ते कसे मिळत नसे हे पाहण्यासारखे आहे. नोंदणी-मंडळ महिन्यातून मोजकेच दिवस बसे. कृष्णवर्णीयांसाठी निराळी खोली असे. तीत एका वेळी एक-दोघांनाच प्रवेश. बाहेर रांगेत लोक सकाळपासून उभे. आत गेलेल्याला राष्ट्राच्या राज्यघटनेचा लांबलचक भाग हाताने उतरवून काढावयास सांगत. दुसरे कलम म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांचे सबंध प्रकरण, ते उतरविण्यात तास जात. एखादा शब्द चुकला की अर्ज नामंजूर. पुष्कळदा नामंजुरीचे पत्रही येत नसे. याशिवाय अर्जदाराला ओळखणाऱ्या एका मतदाराची साक्ष लागे, आणि ती साक्ष व्यवहारात गोऱ्याचीच चाले. विद्यापीठाची सर्वोच्च पदवी घेतलेले प्राध्यापक या परीक्षेत नापास झाले आणि जेमतेम सही करता येणारे गोरे पास झाले. अर्जदारांची गर्दी फार झाली तर मंडळाचे सभासद राजीनामे देत. मग महिनोन्‌महिने मंडळच अस्तित्वात नसे, आणि जे मंडळ नाही त्याच्यापुढे अर्ज तरी कोण करणार?

चार्ल्स गोमिलियन हे समाजशास्त्राचे अध्यापक १९२८ साली टस्कीगीस आले. मूळचे ते दक्षिण कॅरोलिनातील एका खेड्याचे. शांत, काटेकोर, कमी बोलणारे. त्यांनी नोंदणीची खटपट १९३४ च्या सुमारास आरंभिली आणि मताचा हक्क त्यांना १९३९ साली मिळाला. तोही कसा, तर घर बांधून घ्यावयाचे होते तेव्हा काम मागण्यास आलेल्या गोऱ्या कंत्राटदाराला त्यांनी अट घातली, की नोंदणीच्या वेळी साक्ष देणार असाल तर काम तुमचे. १८८० साली ॲडम्सने मत देऊन शाळा घेतली. साठ वर्षांनंतर शाळेतल्या गुरुजींना घर बांधावयास देऊन मत घ्यावे लागले. १९४१ साली गोमिलियन व त्यांचे सहकारी यांनी टस्कीगी सिव्हिक असोसिएशन ही नागरिकसंस्था उभी केली. तिचे विल्यम मिचेल यांनी एक चिकाटीचे काम वर्षानुवर्षे केले: कोण कोणत्या तारखेस गेला, किती वेळ उभा राहिला, काय उत्तर मिळाले, याची नोंद ते ठेवीत गेले. भाषणांपेक्षा या नोंदवह्यांचाच पुढे न्यायालयात उपयोग झाला. १९५८ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सरकारच्या नागरी हक्क आयोगाने माँटगोमेरी येथे पहिली जाहीर चौकशी केली, तेव्हा मेकन कौंटीच्या साक्षीदारांमागून साक्षीदार उभे राहिले आणि तीच ती कथा सांगून गेले.

अशा रीतीने थेंब थेंब करीत यादी वाढली. १९५० साली गावात एक नवल घडले. तत्कालीन शेरीफ कृष्णवर्णीयांशी फार क्रूरपणे वागे. नव्याने नोंदलेल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे दुसऱ्या एका गोऱ्यालाच, मते दिली आणि जुना शेरीफ पडला. मूठभर मतांचे वजन काय असते ते दोन्ही बाजूंना त्या दिवशी कळले. १९५४ साली विद्यालयातील जेसी गझमन या विदुषी शाळामंडळासाठी उभ्या राहिल्या. त्या निवडून येणार नव्हत्या आणि आल्याही नाहीत. परंतु कृष्णवर्णीय उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवर दिसणे हेच गोऱ्या पुढाऱ्यांची झोप उडवावयास पुरेसे होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला होता.

येथे काही आकडे ध्यानात घ्यावेत. १९५७ साली टस्कीगी शहराच्या हद्दीत सुमारे ५,३९७ कृष्णवर्णीय राहात. त्यांपैकी मतदार सुमारे ४००. गोरे सुमारे १,३१०. त्यांपैकी मतदार सुमारे ६००. चारशे आणि सहाशे यांत अंतर दोनशेचे, आणि मिचेल यांची वही भरत चाललेली.

सॅम एंगलहार्ट हे मेकन कौंटीतील बडे जमीनदार संस्थानाच्या वरिष्ठ सभेचे सभासद होते, आणि वर्णभेदाच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या गोऱ्या नागरिकांच्या मंडळांचे ते अलाबामातील सूत्रधार. मतदार कमी होत नाहीत, तर गावच कमी करावे, अशी युक्ती त्यांनी काढली. त्यांच्या विधेयकाला कायदेमंडळात कोणी विरोध केला नाही, आणि १९५७ च्या जुलैत तो १४० क्रमांकाचा स्थानिक कायदा झाला. राज्यपाल फोल्सम यांनी त्यावर सही केली नाही. पण त्याला अडविलेही नाही.

या कायद्यापूर्वी टस्कीगी शहराची हद्द चौकोनी होती. चार सरळ रेषांत सारे गाव मावे. कायद्यानंतर तीच हद्द अठ्ठावीस बाजूंची झाली. ती कोठे एखाद्या रस्त्याच्या मधून गेली, कोठे घरांच्या ओळीमागून वळली, कोठे आत शिरून पुन्हा बाहेर आली. नकाशावर पाहावे तर एखाद्या मुलाने कात्रीने कागद कुरतडल्याचा भास व्हावा. परंतु ते कुरतडणे फार विचारपूर्वक झालेले होते. नव्या हद्दीत कृष्णवर्णीय मतदार अवघे चार किंवा पाच उरले. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. ज्या विद्यालयामुळे जगाला टस्कीगी ठाऊक झाले ते विद्यालय टस्कीगीच्या बाहेर पडले! लोकसत्तेत मतदारांनी राज्यकर्ते निवडावेत असा संकेत आहे. येथे राज्यकर्त्यांनी मतदार निवडले.

हद्दपार झालेल्या लोकांपाशी नगरपालिकेचे मत उरले नाही, पण खिशातला पैसा उरला होता. २५ जून १९५७ रोजी, विधेयक मार्गावर असतानाच, बटलर चॅपेल नावाच्या प्रार्थनामंदिरात सभा भरली. मंदिर भरून लोक बाहेर पटांगणात उभे राहिले. गोमिलियन यांनी सांगितले, की यापुढे आपण आपल्या मित्रांकडे खरेदी करावी. 'बहिष्कार' हा शब्द त्यांनी कटाक्षाने टाळला, कारण अलाबामात बहिष्कार पुकारणे कायद्याने गुन्हा होता. मित्रांकडे खरेदी करणे हा मात्र कोणत्याही कायद्याने गुन्हा होत नाही. दुसऱ्या दिवसापासून चौकातील गोऱ्यांची दुकाने ओस पडली. वाणसामान, कापड, औषधे यांसाठी लोक दूरदूरच्या गावी जाऊ लागले. काही दुकाने दिवाळ्यात निघाली, काही कायमची बंद झाली. संस्थानाचे महाअधिवक्ते जॉन पॅटरसन यांनी संस्थेच्या कचेरीवर छापा घातला, कागदपत्रे नेली, मनाई हुकुमासाठी अर्ज केला. पण १९५८ साली तेथल्याच न्यायाधीशाने निर्णय दिला, की कोणी कोठे खरेदी करावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

एंगलहार्ट यांचे मन एवढ्याने भरले नव्हते. मेकन कौंटी समूळ मोडून तिचे तुकडे शेजारच्या पाच कौंट्यांना वाटून द्यावेत अशी दुसरी योजना त्यांनी मांडली, आणि डिसेंबर १९५७ मध्ये अलाबामाच्या मतदारांनी तशी घटनादुरुस्ती संमतही केली. ती अमलात आली नाही. कारण मेकन कौंटीत शेकडा ८४ लोक कृष्णवर्णीय. त्यांचा वाटा आपल्या अंगणात घेण्यास शेजारची एकही कौंटी राजी होईना. द्वेषाचे गणित केव्हा केव्हा असेही अडते.

इकडे गोमिलियन व इतर अकरा जणांनी महापौर फिलिप लाइटफूट व नगरपालिका यांच्याविरुद्ध दावा लावला. त्यांचे वकील फ्रेड ग्रे हे तिशीच्या आतले; माँटगोमेरीच्या बसगाड्यांच्या प्रकरणात रोझा पार्क्स यांची वकिली त्यांनीच केली होती. खालच्या न्यायालयात न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी दावा काढून टाकला. अपील न्यायालयानेही तेच केले. त्यांची अडचण कायद्याची होती. नगरपालिका हे संस्थानाचे अपत्य. तिची हद्द वाढवावी, घटवावी, अथवा तिला मोडून टाकावे, हा संस्थानाचा निर्वेध अधिकार, असे न्यायालये अर्धशतक म्हणत आली होती. शिवाय मतदारसंघ कसे आखावेत हा राजकारणाचा विषय असून त्या काटेरी रानात न्यायालयांनी शिरू नये, असा उपदेश सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी १९४६ साली केलेला होता. आता दावा नेमका त्याच फ्रँकफर्टर यांच्यासमोर चालावयाचा.

ऑक्टोबर १९६० मध्ये सुनावणी झाली. ग्रे यांनी जुनी चौकोनी हद्द व नवी अठ्ठावीस बाजूंची हद्द दाखविणारा मोठा नकाशा न्यायालयात उभा केला होता. त्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी विचारले, की या नकाशावर टस्कीगी विद्यालय कोठे आहे? ग्रे यांनी नव्या हद्दीबाहेरची जागा दाखविली. विद्यालय आता शहरात नाही, असे तुमचे म्हणणे आहे काय, असे न्यायमूर्तींनी आश्चर्याने पुन्हा विचारले, आणि ग्रे यांनी होय म्हटले. वकिलाला पुष्कळ काही सांगावयाचे असते. पण केव्हा केव्हा नकाशा त्याच्याहून अधिक बोलतो.

१४ नोव्हेंबर १९६० रोजी निकाल लागला. कायद्याविरुद्ध नऊही न्यायमूर्ती एकमत होते. निकालपत्र फ्रँकफर्टर यांनीच लिहिले. आपला जुना उपदेश त्यांनी मागे घेतला नाही. त्याला वळसा घातला. मतदारसंघ लहान-मोठा असणे ही एक गोष्ट, आणि वर्ण पाहून माणसांना गावाबाहेर कुंपण घालून ठेवणे ही दुसरी. संस्थानाचा अधिकार कितीही व्यापक असला तरी पंधराव्या दुरुस्तीपुढे तो थांबतो, असे त्यांनी म्हटले. हद्द कशासाठी बदलली याचे दुसरे कोणतेही कारण अलाबामाला सांगता आले नव्हते, आणि आकडेच असे होते की हेतूचा निराळा पुरावा लागू नये. १९६१ साली दावा पुन्हा न्यायाधीश जॉन्सन यांच्याकडे आला. त्यांनी कायदा रद्द ठरविला आणि टस्कीगी पुन्हा चौकोनी झाले. त्याच वर्षी त्यांनी नोंदणी-मंडळालाही लगाम घातला. पूर्वी दावा लावला की अधिकारी राजीनामा देत आणि प्रतिवादीच नाहीसा होई; १९६० च्या नागरी हक्क कायद्याने प्रत्यक्ष संस्थानालाच प्रतिवादी करण्याची सोय केल्यामुळे ती पळवाट बुजली. नाकारलेल्या पुष्कळ अर्जदारांची नावे न्यायालयाच्या हुकुमाने यादीत आली, आणि तीन वर्षांत कौंटीतील कृष्णवर्णीय मतदारांची संख्या गोऱ्यांहून अधिक झाली.

आणि येथे गोमिलियन यांनी जे केले त्यावरून पुष्कळ वाद झाला. १९६४ साली नगरपालिकेच्या साऱ्या जागा बहुमताच्या जोरावर जिंकता आल्या असत्या. त्यांनी तसे करू दिले नाही. महापौर गोराच असावा, नगरसभेत दोन्ही वर्णांचे लोक असावेत, अशी मिश्र यादी त्यांच्या संस्थेने पुरस्कारिली, आणि ती निवडून आली. केनेथ ब्यूफर्ड व स्टॅन्ली स्मिथ हे दोन कृष्णवर्णीय सभासद नगरसभेत बसले. गोऱ्यांनी बहुमताचा जो दुरुपयोग केला तो आपण करू नये. भय गेले की तेही सहकार्य करतील, असा गोमिलियन यांचा विचार. विद्यालयातील तरुण प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना हे भेकडपणाचे वाटले. ज्यांनी साठ वर्षे मत दिले नाही त्यांच्याशी आता वाटणी कसली, असे ते विचारीत. त्यांचा हा प्रश्न गैर नव्हता. गोमिलियन यांचे धोरण उदार होते यात संशय नाही. परंतु त्याला प्रतिसाद देणारे गोरे गावात थोडेच होते. १९६३ साली कोर्टाच्या हुकुमाने तेरा कृष्णवर्णीय मुले टस्कीगीच्या सरकारी शाळेत जाणार म्हटल्यावर राज्यपाल वॉलेस यांनी पोलीस धाडून शाळा बंद पाडली होती, आणि ती उघडल्यावर गोऱ्या पालकांनी मुले काढून निराळी खासगी शाळा थाटली होती. ३ जानेवारी १९६६ रोजी सॅमी यंग या विद्यार्थ्याला एका पेट्रोलपंपावर गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या शौचकूपाच्या तंट्यावरून गोळी घालून ठार करण्यात आले. तो आरमारातून परतलेला होता आणि मतदारनोंदणीचे काम करीत होता. मारणाऱ्याला केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने निर्दोष सोडले. त्यानंतर मध्यममार्गाची भाषा गावात फारशी ऐकू आली नाही.

त्याच वर्षी कोरियाच्या युद्धातून परतलेले लुशियस अमरसन शेरीफच्या निवडणुकीत विजयी झाले. एकोणिसाव्या शतकातील पुनर्रचनेच्या काळानंतर दक्षिणेत निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय शेरीफ. १९७२ साली जॉनी फोर्ड टस्कीगीचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. फोर्ड हे व्यवहारी गृहस्थ. कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूचे असताना त्यांनी त्या वर्षी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पाठिंबा दिला, आणि राष्ट्रीय तिजोरीतून गावासाठी पैसा आणला. मात्र गोरी कुटुंबे एकामागून एक गाव सोडून जात राहिली. ज्या सहजीवनासाठी गोमिलियन यांनी बहुमताचा हात आखडता घेतला होता त्याला दुसरा पक्षच उरला नाही. निवृत्तीनंतर तेही काही काळ टस्कीगी सोडून वॉशिंग्टन शहरी जाऊन राहिले. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

मताधिकाराने टस्कीगीला शेरीफ दिला, महापौर दिला, रस्ते दिले. संपत्ती मात्र त्याला देता आली नाही. २००० साली गावची लोकसंख्या ११,८४६ होती, ती २०२० साली ९,३९५ वर आली. मतदानाचा कल १९६० नंतर जो एकदा ठरला तो ढळला नाही. २०२० च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मेकन कौंटीने पाचांपैकी चारांहून अधिक मते डेमोक्रॅटिक उमेदवाराला दिली, तर त्याच दिवशी अलाबामा संस्थान मोठ्या बहुमताने रिपब्लिकन पक्षाकडे गेले. गावात जिंकणारा मतदार संस्थानात हरत राहिला. हद्दींचा वादही गावापुरता राहिला नाही. राष्ट्रीय प्रतिनिधिगृहासाठी अलाबामाने आखलेल्या मतदारसंघांत कृष्णवर्णीयांच्या मतांचे बळ विखुरले जाते, असा निर्णय २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. कायदेमंडळाने न्यायालयाला मान्य होईल असा नकाशा दिला नाही. तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाकडून तो आखून घेण्यात आला. त्यात मेकन कौंटी नव्या दुसऱ्या मतदारसंघात आली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथून शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले.